एआय मिनिटात डेटाबेस बनवून देतो, मग लायब्ररी सायन्सच्या मुलांनी तो का शिकायचा?

"मॅडम, झालं पण!"

डेटाबेसच्या पहिल्याच तासाला मी वर्गाला सांगितलं होतं: मोबाइल काढा, तुमच्या आवडीचा एआय चॅटबॉट उघडा आणि त्याला म्हणा, एका वाचनालयासाठी डेटाबेस बनवून दे. मिनिटभरात सगळ्यांच्या स्क्रीनवर जवळपास सारखंच उत्तर आलं. पुस्तकं, सभासद आणि देवघेव अशी तीन टेबलं, प्रत्येकात नीटनेटके कॉलम, आणि खाली एसक्यूएलचा तयार कोड. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग आता सेमिस्टरभर शिकायचं काय?"

मी काही बोलले नाही. सोबत आणलेली कापडी पिशवी पहिल्या बाकावर रिकामी केली. आत सात नग होते. 'श्यामची आई'च्या एकाच प्रकाशकाच्या दोन प्रती आणि दुसऱ्या प्रकाशकाची तिसरी. कुसुमाग्रजांचा 'विशाखा'. वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट'. मुखपृष्ठ गळून पडलेली, साठच्या दशकात छापलेली एक कादंबरी. आणि एक जाडजूड दिवाळी अंक.

"हे सात नग तुमच्या टेबलात भरून दाखवा."

वीस मिनिटांनी वर्ग शांत होता. एकाचंही टेबल टिकलं नव्हतं.

मी ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना डेटाबेसची तोंडओळख शिकवते. कोड एआय लिहितो, मग आपण कशाला शिकायचं, हा प्रश्न सध्या इंजिनिअरिंगपासून बी.कॉम.पर्यंत सगळीकडे फिरतोय. माझ्या वर्गात तो जरा जास्त टोचतो, कारण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट चालू आहे. गावोगावच्या वाचनालयांच्या जुन्या नोंदवह्या आता कॉम्प्युटरवर चढतायत. हे काम साधारण एकदाच होतं. एकदा चुकीच्या साच्यात भरलं, की पुढची वीस-पंचवीस वर्षं तो साचा कुणी बदलत नाही. त्यामुळे तो साचा कोण ठरवतं, याला महत्त्व आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. टेबल बनवणं आता सोपं झालंय. कुठली टेबलं हवीत हे ठरवण्यासाठी जे प्रश्न विचारावे लागतात, ते विचारणं सोपं झालेलं नाही. ते प्रश्न कपाटासमोर उभं राहिलेल्या माणसाला सुचतात. वर्गात आम्ही त्यातले चार घेतो.

प्रश्न पहिला: 'एक पुस्तक' म्हणजे नक्की काय?

"श्यामची आई आहे का?" असं कुणी विचारलं तर त्याला साने गुरुजींनी लिहिलेली ती कथा हवी असते. प्रकाशक कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे २०११ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं आणि वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात आहेत. पण प्रोजेक्टसाठी पान क्रमांक द्यायचा असेल तर अमुकच आवृत्ती लागते. आणि खिडकीतून घरी जाते ती एक ठरावीक प्रत, आतल्या पानावर दाखल क्रमांकाचा शिक्का असलेली.

म्हणजे ज्याला आपण सरसकट 'पुस्तक' म्हणतो, त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: कृती, आवृत्ती आणि प्रत. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे इफ्लानं, १९९८ मध्ये याचं चार पातळ्यांचं मॉडेल मांडलं होतं. भाषांतर किंवा वाचन-रेकॉर्डिंग अशा रूपांसाठी त्यात आणखी एक पातळी आहे. सुरुवातीला मी तीनच शिकवते.

याचा फरक काय पडतो, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

दहाएक वर्षांपूर्वी मी एका छोट्या वाचनालयासाठी हौसेनं डेटाबेस बनवून दिला. त्यात प्रतींचं वेगळं टेबल केलंच नाही. पुस्तकाच्या ओळीत 'प्रतींची संख्या' असा एक कॉलम ठेवला. प्रत बाहेर गेली की एक वजा, परत आली की एक अधिक. मला ते फार सुटसुटीत वाटलं होतं.

तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी यायची. एका पुस्तकाच्या चार प्रती होत्या आणि चारही बाहेर होत्या. तिनं आपली प्रत परत केली. खिडकीवरच्या माणसानं त्या पुस्तकाचं नाव शोधलं आणि यादीत जी नोंद आधी दिसली ती बंद केली. ती दुसऱ्याच सभासदाची होती. हिच्या नावावर पुस्तक तसंच राहिलं. काही महिन्यांनी तिला पत्र गेलं, अनामतीतून किंमत कापली गेली. ती सांगत राहिली की मी परत दिलंय, आणि स्क्रीन सांगत राहिली की दिलेलं नाही.

तिनं अभ्यासासाठी त्या पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले होते. एका फोटोत शिक्का आला होता आणि त्यावर दाखल क्रमांक वाचता येत होता. आम्ही कपाटात पाहिलं. त्या क्रमांकाची प्रत तिथेच उभी होती. तिचे पैसे परत मिळाले, पण त्यानंतर ती त्या वाचनालयात आली नाही.

खिडकीवरचा माणूस जे स्क्रीनवर दिसलं तेच करत होता. चूक माझ्या त्या सुटसुटीत कॉलमची होती. दाखल क्रमांक जुन्या हाती लिहिलेल्या नोंदवहीत होता. मी कॉम्प्युटरवर आणताना त्याला जागाच ठेवली नाही. कागदाला जे माहीत होतं ते माझा डेटाबेस विसरला.

म्हणून आता वर्गात पहिला नियम हाच: कृती, आवृत्ती आणि प्रत यांची तीन वेगळी टेबलं. देवघेव जोडायची ती प्रतीशी. कोहा हे जगभर वापरलं जाणारं मोफत ग्रंथालय सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याच्या पोटातही ग्रंथाच्या नोंदीचं टेबल वेगळं आणि प्रत्यक्ष प्रतींचं टेबल वेगळं आहे. मुलांना ते उघडून दाखवलं की पटतं.

प्रश्न दुसरा: हा माणूस तोच आहे का?

आधार कार्डावर नावाचं एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, बँकेत तिसरं. हा त्रास तुमच्यापैकी अनेकांनी भोगला असेल. तुम्ही एकच माणूस आहात हे तुम्हाला माहीत असतं, पण तीन डेटाबेसना ते माहीत नसतं.

लेखकांचं तर विचारूच नका. 'विशाखा'वर नाव कुसुमाग्रज, 'नटसम्राट'वर वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच. आरती प्रभूंच्या कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या, तिथेही तेच. पु. ल. देशपांडे हे नाव कुणी पूर्ण लिहितं, कुणी टिंबाशिवाय, कुणी आडनाव आधी. एआयच्या टेबलात 'लेखक' असा एक मोकळा कॉलम होता. त्यात ज्याला जसं सुचेल तसं टाइप होणार आणि शोधणाऱ्याला निम्मीच पुस्तकं दिसणार.

यावरचा उपाय ग्रंथालयांनी कागदावर कधीच काढला होता. लाकडी खणांमधल्या तालिकापत्रांत एक पत्र असं असायचं, ज्यावर पुस्तकच नाही; फक्त एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारा 'पाहा' असा इशारा. डेटाबेसमध्ये तेच करायचं. व्यक्तींचं एक टेबल, त्यात प्रत्येकाला एक क्रमांक. नावांचं दुसरं टेबल, ज्यात एकाच क्रमांकासमोर कितीही नावं असू शकतात. आणि तिसरं, मधलं टेबल, जे कोणत्या कृतीशी कोण कोणत्या नात्यानं जोडलंय ते सांगतं: लेखक, अनुवादक, संपादक. एका पुस्तकाला दोन लेखक असले तरी काही अडत नाही.

नाव एकदाच, एकाच जागी लिहायचं आणि बाकी सगळीकडे फक्त क्रमांक वापरायचा. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत जे टेबलवाले डेटाबेस चालतात, ते त्याच कल्पनेवर उभे आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना हे ऐकून बरं वाटतं, कारण 'पाहा' पत्र त्यांनी आदल्या वर्षीच बनवलेलं असतं. फॉरेन की हा शब्द नवा, कल्पना ओळखीची.

मराठीत आणखी एक गंमत आहे. 'वाऱ्यावरची वरात' टाइप करून पाहा. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' वापरला जातो. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. नोंद एका पद्धतीनं केली आणि शोध दुसऱ्या पद्धतीनं घेतला, तर समोर कपाटात असलेलं पुस्तक 'उपलब्ध नाही' म्हणून येऊ शकतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्यांची गत त्याहून वाईट. फॉन्ट बदलला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. म्हणून नोंद कशी टाइप करायची, हा नियम डिझाइनच्या वेळीच लिहून ठेवावा लागतो.

प्रश्न तिसरा: ओळख कशावरून पटवायची?

प्रत्येक टेबलात एक प्रायमरी की लागते, म्हणजे ओळीची खात्रीशीर ओळख. वर्गातल्या बहुतेकांच्या एआयनं त्यासाठी आयएसबीएन निवडला होता. ऐकायला ठीक वाटतं. पण आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० मध्ये. पिशवीतली ती मुखपृष्ठ नसलेली कादंबरी त्याच्या आधीची. तिच्यावर नंबर येणार कुठून? छोट्या प्रकाशकांच्या किंवा लेखकांनी स्वतःच छापलेल्या कितीतरी मराठी पुस्तकांवर तो नसतो. शिवाय आयएसबीएन आवृत्तीचा असतो; एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींवर तोच नंबर. एका मुलानं शक्कल लढवली आणि नसलेल्या नंबराच्या जागी सगळीकडे शून्य भरलं. दुसऱ्याच पुस्तकाला डेटाबेसनं सांगितलं, हा नंबर आधीच वापरलेला आहे.

उपाय साधा आहे. ओळखीचा क्रमांक आपला आपण द्यायचा. प्रतीसाठी दाखल क्रमांक आहेच. आयएसबीएनचा कॉलम ठेवायचा, पण तो रिकामा राहू शकतो हे मान्य करून.

मग येतो दिवाळी अंक. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ही परंपरा धरली जाते. ११६ वर्षांहून जुनी गोष्ट, आणि आपल्या वाचनालयांत दिवाळीनंतर सर्वांत जास्त मागणी तिलाच. पण त्याचा लेखक कोण? एक नाहीच. संपादक आहे, वर्ष आहे, आणि आत वीस-तीस जणांचं लेखन आहे. 'पुस्तक' टेबलात तो बसत नाही. त्याला नियतकालिकाचं एक टेबल, अंकांचं दुसरं, आणि जमलं तर आतल्या लेखनाचं तिसरं टेबल हवं. हे तिसरं टेबल असेल तर अमुक लेखिकेची कथा कुठल्या अंकात आली, हे कुणीही शोधू शकेल. नसेल तर ती कथा अंकाच्या गठ्ठ्यात पडून राहील.

एका चॅटबॉटनं तरी दिवाळी अंकाचा विचार केला होता का? माझ्या वर्गात एकाही नाही. कारण कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

प्रश्न चौथा: काय लिहून ठेवायचंच नाही?

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेते. सभासदाच्या टेबलात एआयनं नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल, जन्मतारीख असं सगळं दिलं होतं. काहींनी उत्साहात आधार क्रमांकही टाकला. मी विचारलं, "पुस्तक द्यायला आधार क्रमांक कशाला लागतो?" उत्तर नव्हतं.

आणि देवघेवीचं टेबल? कुणी कोणतं पुस्तक नेलं हे पुस्तक परत येईपर्यंत ठेवावंच लागतं. परत आल्यावर किती दिवस? घटस्फोटाच्या कायद्यावरचं, नैराश्यावरचं, एचआयव्हीवरचं पुस्तक कुणी नेलं होतं, ही यादी गावातल्या वाचनालयात दहा वर्षं पडून राहावी का? कोहामध्ये परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी वेगळ्या टेबलात जातात आणि त्यातून वाचकाची ओळख पुसून टाकायची सोय आहे. ती सोय वापरायची की नाही, हे मात्र माणसानं ठरवायचं असतं.

ही भीती पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. कर्मचाऱ्यांची आणि वाचकांची माहिती चोरीला गेली, खंडणी न दिल्यामुळे ती इंटरनेटवर टाकली गेली. मुख्य कॅटलॉग ऑनलाइन परत यायला जानेवारी २०२४ उजाडलं, तेही फक्त शोधण्यापुरतं. जगातल्या मोठ्यात मोठ्या ग्रंथालयाची ही गत होते, तर तालुक्याच्या वाचनालयातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरचं काय? जी माहिती ठेवलीच नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. गरजेपुरतीच माहिती घ्यायची, हे त्या कायद्याचं सूत्र आहे.

मग एआय नको का?

हवा की. या चार प्रश्नांची उत्तरं साध्या मराठीत वाक्यं करून लिहिल्यावर आम्ही पुन्हा तोच चॅटबॉट उघडला. एका कृतीच्या अनेक आवृत्त्या. एका आवृत्तीच्या अनेक प्रती. एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे. एका व्यक्तीची अनेक नावं. आयएसबीएन असेल किंवा नसेल. असं सगळं सांगितल्यावर त्यानं जे दिलं ते खरंच चांगलं होतं. दोन चुका होत्या, त्या मुलांनीच पकडल्या.

म्हणून मी शिकवण्याचा क्रम बदललाय. पूर्वी एसक्यूएलपासून सुरू करायचे. आता पहिले काही तास कॉम्प्युटर बंद. कपाट, पुस्तकं, पेन्सिल. मग वाक्यं. मग चौकटी आणि रेषांची आकृती, जी पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली. त्यानंतर टेबलं, मग एआय. शेवटी पिशवीची परीक्षा: सातही नग तुमच्या टेबलात बसले पाहिजेत. एसक्यूएल लिहिता आलं तर उत्तम, पण वाचता आलंच पाहिजे. न वाचता चिकटवलेला कोड चुकला, तर ते कळणारही नाही.

काहीजण म्हणतात, कोहा, ई-ग्रंथालय, सोल अशी तयार सॉफ्टवेअर असताना ग्रंथपालाला डिझाइन कशाला हवं? कारण त्यात जुनी एक्सेल शीट कोण भरणार, कुठला कॉलम कुठे जाणार, काय सोडून द्यायचं, हे ठरवणारा माणूस ग्रंथपालच असतो. आणि उद्या एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जायची वेळ आली, तर आतली रचना समजणारा माणूस लागतोच. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. चुकीचं टेबल रोज थोडा थोडा वाचकाचा वेळ खात असतं, फक्त ते कुणाला दिसत नाही.

तुम्हाला हे करून पाहायचं असेल तर घरातली दहा पुस्तकं घ्या, फोनवर गूगल शीट्स उघडा आणि त्यांची नोंद करायला लागा. त्यात एखादा दिवाळी अंक, एखादं अनुवादित पुस्तक आणि एखादं आजोबांच्या वेळचं पुस्तक असू द्या. अर्ध्या तासात वरचे चारही प्रश्न तुमच्यासमोर येतील.

त्या दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिच्या गावच्या वाचनालयाला कॉम्प्युटर मिळालाय आणि दर रविवारी ती नोंदवह्या एक्सेलमध्ये भरते. निम्म्याहून जास्त काम झालंय. तिनं फोनवर शीट दाखवली. नाव, लेखक, किंमत, प्रतींची संख्या. दाखल क्रमांकाचा कॉलम नव्हता.

"मॅडम, भरून झाल्यावर जुन्या नोंदवह्या रद्दीत घालायचं ठरलंय. थांबवू ना?"

"आधी तो फोन लाव," मी म्हटलं. "एक्सेलचं नंतर बघू."